अर्ज करण्याचा अधिकार कोणाचा?

संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा संमत केला आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो अंमलात आला. २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ या नव्या प्रतिष्ठानात विलीन झाले. देशातील प्रत्येक विद्यापीठात आणि महाविद्यालयात संशोधनाचे बीज पेरणे, हा या खटाटोपाचा हेतू असल्याचे सरकारी प्रवक्त्यांनी त्यावेळी वारंवार सांगितले. तसे सांगणे त्यांना भागच होते. कारण जुन्या मंडळाच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के निधी आयआयटींना मिळाला आणि राज्यांच्या विद्यापीठांच्या वाट्याला जेमतेम ११ टक्के आला, हे आकडे सरकारी बाजूनेच त्या वर्षी पुढे आले होते. नीती आयोगाच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालाप्रमाणे उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. शंभरातील ऐंशींच्या वाट्याला शंभरातील अकरा रुपये, असे हे वाटप आहे.

हा अन्याय आहे एवढे म्हणून भागणार नाही. अन्याय नेमका कोणत्या टेबलावर होतो, हे पाहिले पाहिजे. कोणा मंत्र्याने किंवा सचिवाने राज्यांच्या विद्यापीठांना पैसे देऊ नयेत असा आदेश काढलेला नाही. योजनांच्या जाहिराती सर्वांसाठी निघतात, संकेतस्थळ सर्वांसाठी खुले असते आणि अर्जाचा नमुनाही सर्वांना एकच असतो. कागदावर समता परिपूर्ण आहे. तरीही पैसा पुन्हा पुन्हा त्याच दारी जातो, कारण अर्ज करण्यासाठी जे जे लागते ते ते ज्याच्यापाशी आधीच आहे, तोच अर्ज करू शकतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी!

संशोधनासाठीचे अनुदान सहसा व्यक्तीला नव्हे, तर संस्थेमार्फत व्यक्तीला मिळते, ही गोष्ट विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. कल्पना एका शिक्षकाची असते, परंतु पैसा संस्थेच्या नावाने येतो आणि हिशेबही संस्थेनेच द्यायचा असतो. म्हणून अर्जासोबत संस्थाप्रमुखाचे हमीपत्र जोडावे लागते. सदर शिक्षक आमच्या संस्थेत नियमित पदावर आहे, प्रकल्प संपेपर्यंत जागा, वीज, पाणी, प्रयोगशाळा आणि प्रशासकीय साह्य संस्था पुरवील आणि खर्चाचा हिशेब वेळेवर देईल, असा त्या हमीपत्राचा आशय असतो. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने ही अट चुकीची मुळीच नाही. परंतु या एका कागदावर राज्यातील हजारो शिक्षकांची वाट बंद होते, आणि ती बंद होते पहिल्याच शब्दाशी: नियमित.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून आणि विद्यापीठांतून वर्षानुवर्षे प्राध्यापकभरती रेंगाळत आली आहे. रिकाम्या जागी तासिका तत्त्वावर आणि कंत्राटावर शिक्षक नेमले जातात. तेच वर्ग घेतात, प्रात्यक्षिके करवून घेतात, उत्तरपत्रिका तपासतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बेकार होतात. यांतील कित्येकांपाशी पीएच.डी. आहे, नेट किंवा सेट आहे, चांगल्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले शोधनिबंध आहेत. परंतु त्यांचे पद नियमित नाही, म्हणून प्रमुख योजनांत त्यांना अर्जच करता येत नाही. नीती आयोगाच्या त्याच अहवालात राज्यांच्या विद्यापीठांतील शिक्षकांची ४० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त असल्याचे नमूद आहे. याचा सरळ अर्थ असा की, शर्यत सुरू होण्याआधीच निम्म्याच्या जवळपास धावपटू मैदानाबाहेर काढलेले आहेत. ते केंद्रातील प्रतिष्ठानाने काढलेले नाहीत. मुंबईच्या मंत्रालयातील वित्त विभागाने काढले आहेत. पगार वाचवला, असे वित्त विभाग म्हणेल. त्या पगारासोबत किती अनुदान राज्यात यायचे राहिले, याचा हिशेब तो विभाग मांडत नाही.

पूर्वी निदान एक लहान दार उघडे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु आणि बृहत् संशोधन प्रकल्पांची योजना होती. रक्कम फार नसे. तिच्यातून कित्येक निरुपयोगी अहवालही निघाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु तालुक्याच्या गावी शिकवणारा तरुण शिक्षक आयुष्यातला पहिला अर्ज त्या योजनेत करी, पहिले उपकरण त्या पैशातून घेई, पहिला हिशेब तिथेच शिके. बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर ती योजना नव्या अर्जांसाठी बंद पडली. पुढे २०२२ मध्ये राज्यांच्या विद्यापीठांसाठी स्वतंत्र अशी एक योजना जुन्या मंडळाने आणली, तीन वर्षांसाठी ३० लाखांपर्यंतची. तिचे स्वागतच केले पाहिजे. पण जिन्याची खालची पायरी काढून घेतल्यावर वरच्या पायरीला गालिचा घातला, असा हा प्रकार झाला.

आता ज्यांचे पद नियमित आहे त्यांची कथा पाहू. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त आढळते. दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. समजा, अशाच एखाद्या तालुक्यातील महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारी एक अध्यापिका आहे. तिचे विद्यार्थी त्याच गावांतून येतात; त्यांच्या दातांवरून कोणत्या विहिरीचे पाणी किती वाईट आहे हे तिला कळते. विहिरींचे पाणी वर्षातून तीनदा तपासावे, पावसाळ्याआधी आणि नंतर काय बदलते ते पाहावे, स्वस्तातली एखादी गाळणी बनवता येईल काय याचा शोध घ्यावा, असे तिच्या मनात येते. प्रश्न खरा आहे, तो विचारणारी व्यक्ती योग्य जागी बसलेली आहे. विज्ञानाला याहून दुसरे काय हवे?

तिला हवी असते ती माहिती, आणि सही. योजनेची जाहिरात संकेतस्थळावर येते आणि साधारण महिनाभर अर्ज घेतले जातात. आयआयटीत यासाठी संशोधन व विकास अधिष्ठात्याचे स्वतंत्र कार्यालय असते. तिथला कर्मचारीवर्ग जाहिरात आल्याच्या दिवशी शिक्षकांना कळवतो, खर्चाचा अंदाज मांडून देतो, हमीपत्र तयार करून सहीला ठेवतो. आपल्या अध्यापिकेला जाहिरातीची बातमी कळते ती दुसऱ्या जिल्ह्यातील मैत्रिणीकडून, आणि तोवर पंधरा दिवस गेलेले असतात. आठवड्याला सोळा-अठरा तासिका, त्यांत निवडणुकीचे किंवा परीक्षेचे काम. रात्री बसून ती प्रस्ताव लिहिते. प्रस्तावात प्रश्नाची पूर्वपीठिका द्यायची, त्यासाठी नियतकालिके वाचायची. ती नियतकालिके कित्येक वर्षे तिच्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर होती. 'एक राष्ट्र एक वर्गणी' या योजनेमुळे जानेवारी २०२५ पासून ती मिळू लागली, हे चांगलेच झाले. उपकरणांची दरपत्रके मागवायची, तर पुण्या-मुंबईचा विक्रेता लहान गावच्या महाविद्यालयाच्या पत्राला उत्तर देत नाही. मग फाइल प्राचार्यांकडे, प्राचार्यांकडून संस्थेच्या कार्यालयात, आणि विषय विद्यापीठाकडून पुढे जाणारा असेल तर कुलसचिवांच्या कार्यालयात. तिथे प्रश्न विचारला जातो की, अशा प्रकरणी यापूर्वी कोणत्या नमुन्यात सही केली आहे? यापूर्वी केलेलीच नसते. मग अभिप्रायासाठी फाइल वित्त व लेखा विभागात जाते. शेवटच्या दिवशी सायंकाळी संकेतस्थळ बंद होते आणि फाइल दुसऱ्या दिवशी सही होऊन परत येते.

हे चित्र अतिरंजित वाटेल त्याने कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधन विभागात तासभर बसून पाहावे. कारकून दुष्ट आहेत असे मात्र कोणी समजू नये. शिक्षकांच्या जागा जशा रिकाम्या आहेत तशा कार्यालयातल्याही आहेत. एका लिपिकाकडे संलग्नीकरण, शिष्यवृत्ती आणि संशोधन अशी तीन टेबले दिली, तर तो ज्या टेबलावर आरडाओरडा होतो त्याचेच काम आधी करील. संशोधनाच्या टेबलावर आरडाओरडा करायला कोणी येत नाही.

समजा, अर्ज वेळेवर गेला, तज्ज्ञांच्या समितीने तो मान्य केला आणि मंजुरीचे पत्र आले. पेढे वाटून झाले की दुसरे प्रकरण सुरू होते. पूर्वी अनुदानाचा हप्ता विद्यापीठाच्या खात्यात जमा होई आणि त्यातून खर्च होत असे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२२ मध्ये केंद्रीय योजनांचा पैसा वाटण्याची पद्धत बदलली. योजनावार स्वतंत्र शून्य शिलकीची खाती आली. पैसा प्रत्यक्ष खात्यात न येता खर्चाची मर्यादा तेवढी मिळू लागली. खात्यांत पडून राहणाऱ्या पैशावर सरकारने व्याज का सोसावे, हा युक्तिवाद हिशेबनिसाच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण ३१ मार्चला न खर्चलेली मर्यादा परत जाते आणि नव्या वर्षाची मर्यादा मिळेपर्यंत कित्येक महिने लोटतात. फ्लोराइडला ३१ मार्च ठाऊक नाही. विहिरींचे पाणी तपासायचे ते मे महिन्यात, पाणी तळाला गेलेले असताना. नेमक्या त्याच महिन्यात रसायने घ्यायला पैसे नसतात. मग मार्चमध्ये घाईने काहीतरी खरेदी करून पैसे संपवावेत, हा शहाणपणा नियमच शिकवतात.

उपकरणांच्या खरेदीची कथा वेगळी नाही. सार्वजनिक संशोधनसंस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के वस्तू व सेवा कराची सवलत होती. जुलै २०२२ मध्ये ती काढून घेतली गेली आणि बहुतेक उपकरणांवरचा कर १८ टक्क्यांपर्यंत गेला. २० लाखांच्या उपकरणावर पूर्वी १ लाख कर पडे, त्या फेरबदलानंतर ३ लाख ६० हजार पडू लागला. वरच्या २ लाख ६० हजारांत काय येते? जानेवारी २०२३ पासूनच्या दराने कनिष्ठ संशोधन अधिछात्राला महिना ३७,००० रुपये मिळतात. म्हणजे एका विद्यार्थ्याची सात महिन्यांची अधिछात्रवृत्ती. सरकारने एका हाताने अनुदान दिले आणि दुसऱ्या हाताने त्यातून सात महिने काढून घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये तर खुद्द संशोधन अनुदानांवरच कर भरा, अशा नोटिसा काही संस्थांना गेल्या. आयआयटी दिल्लीकडे १२० कोटी रुपयांची मागणी झाल्याच्या बातम्या आल्या, देशभर ओरड झाली, आणि ९ सप्टेंबर २०२४ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने अशा अनुदानांना करमुक्त करण्याची शिफारस केली. दिल्लीच्या संस्थेला नोटीस गेली म्हणून महिन्याभरात निर्णय झाला. तीच नोटीस परभणीला किंवा गडचिरोलीला गेली असती तर?

खरेदीच्या नियमांतही अशीच सुधारणा झाली. केंद्र सरकारने ५ जून २०२५ रोजी वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे नियम सैल केले. निविदेविना थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली, सरकारी ई-बाजारपेठेबाहेरून खरेदी करण्याची मोकळीक संस्थाप्रमुखांना दिली आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदांना मंजुरी देण्याचा अधिकार कुलगुरू आणि संचालकांना दिला. मागणी जुनी होती, निर्णय योग्य आहे. तथापि तो केंद्राच्या वैज्ञानिक विभागांना आणि केंद्रीय मंत्रालयांच्या शैक्षणिक व संशोधन संस्थांना उद्देशून होता. राज्यांची विद्यापीठे राज्याच्या खरेदी नियमावलीने बांधलेली राहतात. दोनशे कोटींची जागतिक निविदा काढणारी विद्यापीठे महाराष्ट्रात किती आहेत, हे विचारण्याची गरज नाही. येथे प्रश्न चाळीस हजारांच्या काचसामानाचा आहे.

या सगळ्याचा भार अखेर पडतो तो प्रकल्पात काम करणाऱ्या विद्यार्थ्यावर. हप्ता लांबला तर अध्यापिकेचा पगार थांबत नाही, अधिछात्रवृत्ती थांबते. २०२४-२५ मध्ये केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेतील संशोधक विद्यार्थ्यांना अनेक महिने अधिछात्रवृत्ती मिळाली नाही, अशा तक्रारी देशभरातून आल्या. ही योजना गुणवत्ता यादीतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, हे ध्यानात घ्यावे. ज्याचा बाप दर महिन्याला खोलीचे भाडे पाठवू शकतो तो थांबतो, आणि ज्याने स्वतःच घरी पैसे पाठवायचे असतात तो प्रयोगशाळा सोडून शिकवणी वर्गात नोकरी धरतो. संशोधनात दलित, आदिवासी, शेतमजुरांची मुले कमी का, यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी आधी हप्त्यांच्या तारखा पाहाव्यात.

विद्यापीठांकडून संशोधन काढून घेण्याची ही प्रक्रिया कालची नाही. मेघनाद साहा यांनी ती पाऊणशे वर्षांपूर्वी ओळखली होती. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचा हा मुलगा १९२० मध्ये ताऱ्यांच्या तापमानासंबंधीच्या सिद्धांताने जगप्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये अलाहाबाद विद्यापीठात गेल्यावर मात्र त्यांचा दिवस अध्यापनात जाऊ लागला आणि संशोधनासाठी पैसा मिळेना. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले, तेव्हा कुठे संयुक्त प्रांताच्या गव्हर्नरने त्यांच्या संशोधनासाठी वर्षाला ५,००० रुपये मंजूर केले. लंडनची मोहोर उमटल्यावाचून अलाहाबादचा अर्ज सरकारला दिसला नाही! पुढे कलकत्ता विद्यापीठात सायक्लोट्रॉन उभारण्यासाठी त्यांना जवाहरलाल नेहरूंच्या मध्यस्थीने टाटांच्या न्यासाकडून ६०,००० रुपये मिळाले. यंत्राचे काही भाग आले, पण निर्वात पंप घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले, आणि काम वर्षानुवर्षे रखडले. तेवढ्या काळात मुंबईत होमी भाभांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली आणि अणुशक्तीचे सारे काम विद्यापीठांपासून वेगळ्या, थेट सरकारच्या छत्राखालच्या संस्थांत गेले.

साहांचे म्हणणे असे होते की, संशोधन विद्यापीठांतच झाले पाहिजे, कारण नवी पिढी तिथे असते. भाभांनी उभारलेल्या संस्थांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. वैयक्तिक स्पर्धेचा थोडासा कडवटपणा साहांच्या टीकेत होता असेही इतिहासकार म्हणतात, आणि ते खरे असेल. परंतु १९५२ मध्ये डाव्यांच्या पाठिंब्याने कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून गेलेल्या या शास्त्रज्ञाने जो धोका सांगितला तो आज आकड्यांत दिसतो. २०२०-२१ मध्ये भारताने संशोधन व विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होतात. त्यात सर्व राज्य सरकारांचा मिळून वाटा ६.७ टक्के, आणि साऱ्या उच्च शिक्षण क्षेत्राचा अवघा ८.८ टक्के. देशाचे तरुण विद्यापीठांत आहेत, देशाची प्रयोगशाळा दुसरीकडे आहे.

यावर ठरलेले उत्तर असे की, पैसा गुणवत्तेमागे जातो. गुणवत्ता ही वस्तू आकाशातून पडते, असे समजणाऱ्यांनाच हे उत्तर पटेल. नव्या प्रतिष्ठानाच्या एका योजनेत वरच्या क्रमांकाच्या संस्था केंद्रस्थानी ठेवून मानांकनाच्या यादीत ठराविक क्रमांकाच्या आत असलेली विद्यापीठे त्यांना जोडली जातात; एक तुंबा आणि त्यात बसवलेले आरे. बैलगाडीचे चाक पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते की, वाटेतले धक्के आरे खातात. राज्यातील सर्वांत मोठ्या विद्यापीठांपैकी एक असलेले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ च्या राष्ट्रीय मानांकनात सर्वसाधारण गटात ३७ वे होते, २०२५ मध्ये ते ९१ वर घसरले. शिक्षकांच्या रिक्त जागा हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले गेले. म्हणजे जागा भरायच्या नाहीत, जागा रिकाम्या म्हणून मानांकन घसरू द्यायचे, मानांकन घसरले म्हणून अनुदानाच्या पात्रतेतून खाली उतरायचे आणि अनुदान नाही म्हणून पुन्हा गुणवत्ता नाही असे म्हणायचे. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे खरेच; पण आड बुजवला कोणी, हे कोणी विचारत नाही.

विद्यापीठांतील शिक्षकवर्गानेही आरशात पाहिले पाहिजे. पदोन्नतीचे गुण मिळवण्यासाठी पैसे भरून कसल्याही नियतकालिकात निबंध छापणारे कमी नाहीत. मिळालेले उपकरण पाच-पाच वर्षे खोक्यात ठेवणारे विभाग आहेत. विनियोग प्रमाणपत्र वेळेवर न दिल्याने पुढचा हप्ता अडला, आणि दोष मात्र दिल्लीला दिला, असेही घडते. शिक्षकांच्या संघटनांनी वेतन आयोगासाठी दिलेले लढे न्याय्य होते. त्या लढ्यांच्या मागणीपत्रकांत प्रयोगशाळेचा उल्लेख शेवटून दुसऱ्या कलमात असे, आणि तडजोडीच्या वेळी ते कलम सर्वप्रथम गळून पडे. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला संघटनेत मत नाही, तर अर्ज करण्याचा अधिकार कोठून मिळणार?

पैसा कोणाचा, यावर प्रश्न कोणते विचारले जातील हे ठरते. प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची घोषणा झाली. त्यांतील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, दानशूर संस्था वगैरे बिगरसरकारी मार्गांनी येतील असे गृहीत धरलेले आहे. म्हणजे दर शंभरातील बहात्तर. त्यानंतर १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने संशोधनासाठी १ लाख कोटींची आणखी एक योजना मंजूर केली, ती खाजगी क्षेत्राला अल्पव्याजी किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचा पैसा मिळावा म्हणून. उद्योगांनी संशोधन करू नये असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. भारतीय भांडवलदारांनी आजवर ते पुरेसे केले नाही, हीच तक्रार आहे. परंतु विहिरीतल्या फ्लोराइडला गिऱ्हाईक नाही. २०१७ मध्ये यवतमाळच्या कापसाच्या शेतांत फवारणी करताना विषबाधेने मजूर मेले. फवारणाऱ्याच्या कातडीतून किती विष आत जाते, हे मोजण्यासाठी कीटकनाशकांची कंपनी देणगी देईल काय? गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी गावांतील सिकलसेलच्या रुग्णाला औषधाची किंमत परवडणार नाही, हे बाजाराला आधीच माहीत आहे. असे प्रश्न सार्वजनिक पैशातूनच सुटतात, आणि ते विचारण्यास सर्वांत जवळ असते ते त्या जिल्ह्याचे विद्यापीठ. त्या विद्यापीठाचा अर्ज थांबला की प्रश्नही थांबतो.

म्हणून या प्रश्नावर तीन पातळ्यांवर लढावे लागेल. केंद्राकडे मागणी अशी हवी की, राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी प्रतिष्ठानाच्या निधीचा निश्चित वाटा कायद्यानेच राखून ठेवावा, मंजूर प्रकल्पाचा पैसा ३१ मार्चला परत न जाता प्रकल्पाच्या मुदतीपर्यंत राहावा, आणि संस्थेने लेखी हमी दिल्यास कंत्राटी शिक्षकालाही सहसंशोधक म्हणून नव्हे तर मुख्य संशोधक म्हणून अर्ज करता यावा. राज्य सरकारकडे मागणी एकच, परंतु तिच्यावाचून बाकीच्या फोल आहेत: प्राध्यापकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या सर्व मंजूर जागा भरा. तिसरी पातळी विद्यापीठाची. तिथे दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही.

प्रत्येक विद्यापीठात संशोधन अनुदानासाठी दोन माणसांचे स्वतंत्र टेबल असावे. जाहिरात आल्यापासून तीन दिवसांत ती प्रत्येक संलग्न महाविद्यालयापर्यंत पोचवावी आणि हमीपत्रावर सात दिवसांत सही व्हावी अथवा नकाराचे कारण लेखी द्यावे. हप्ता लांबल्यास विद्यार्थ्याची अधिछात्रवृत्ती विद्यापीठाने आपल्या निधीतून आगाऊ द्यावी आणि हप्ता आल्यावर वळती करून घ्यावी. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेत शिक्षकांचे आणि पदवीधरांचे निवडून आलेले प्रतिनिधी बसतात. त्यांत पुरोगामी चळवळीतून गेलेले सदस्यही आहेत. त्यांनी कुलगुरूंना विचारावे: गेल्या तीन वर्षांत संशोधन अनुदानाचे किती अर्ज विद्यापीठाकडे सहीसाठी आले? किती मुदतीत पुढे गेले? प्रत्येकाला किती दिवस लागले? त्यांपैकी जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेरील महाविद्यालयांचे किती? प्रशासकीय खर्चापोटी विद्यापीठाला मिळालेली रक्कम कशावर खर्च झाली? किती अधिछात्रांचे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी नोंदवहीच नाही असे उत्तर येईल. तेही लेखी घ्यावे. अधिसभेची अर्थसंकल्पीय बैठक मार्चमध्ये होते, आणि प्रश्न त्याच्या कितीतरी आधी लेखी द्यावे लागतात. तालुक्याच्या महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील शिक्षकांना भेटून, त्यांचे अडलेले अर्ज तारखांसह गोळा करण्याचे काम कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतरच्या सत्रातच सुरू केले पाहिजे.